चंद्राशेजारची जाहिरात

ईलिंग, ११ सप्टेंबर

चि. देविकास,

मावशीचा आशीर्वाद आहेच, पण आज तो रागारागाने दिलेला आहे, तेव्हा जरा जपून घे.

काल संकष्टी. संध्याकाळी नेहमीप्रमाणे डायनिंग रूममधला आमचा दोघांचा म्हातारा कॉम्प्युटर लावला आणि तुझी 'आपला चंद्रोदय' ही साइट उघडली. पुण्याहून येणाऱ्या कॅलेंडरवर चंद्र पुण्याच्या वेळेला उगवतो, त्याचा इथे उपास सोडायला काय उपयोग? तू ईलिंगची वेगळी, वॉटफर्डची वेगळी, ब्रिस्टलची वेगळी वेळ देतेस, म्हणून तर मी अख्ख्या मंडळात तुझं कौतुक करत फिरते. वेळ मिळाली. पण चंद्राच्या उजव्या बाजूला काय होतं? पांढऱ्या केसांची एक बाई गालातल्या गालात हसतेय आणि खाली लिहिलंय, 'आठवणी निसटत चालल्यात? आमच्या केअर होममध्ये या.' डावीकडे स्मृतिभ्रंशाची लक्षणं. खाली आणखी एक केअर होम, त्याला म्हणे बागसुद्धा आहे.

अगं, मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मी वर्षानुवर्षं जाहिराती गोळा केल्यात. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून दुकानादुकानांत हिंडायचे. कुठली जाहिरात कुठल्या पानावर जाणार हे मी ठरवायचे, दुसरं कुणी नाही. मंगळागौरीच्या फोटोशेजारी अंत्यविधीवाल्याला कधी बसू दिलं नाही, तो पूर्ण पान घ्यायला तयार होता तरीही. तेव्हा जाहिरात लावणाऱ्याच्या मनात काय असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. जुलैमध्ये तुझ्याकडे आले होते तेव्हा डोक्यावरचा चष्मा मी घरभर शोधला, तो तू पाहिलास. म्हणून हे सगळं का? मावशी आता कामातून गेली असं म्हणायचं असेल तर सरळ फोन करून म्हण. मला फार लागलं ते.

तुझे काका ठीक आहेत. ब्रिज खेळायला जाणं मात्र सोडलंय. वॉटफर्डपर्यंत गाडी चालवायचा कंटाळा येतो म्हणतात. त्यांना मी त्या जाहिराती दाखवल्या नाहीत. घरात एकालाच वाईट वाटलं तेवढं पुरे झालं.

प्रमोदिनीमावशी

ब्रिस्टल, १३ सप्टेंबर

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार, तोही दोन्ही कान धरून. तुझा मेल वाचून आधी मला हसू फुटलं आणि मग वाईट वाटलं, कारण तू दोन दिवस हे मनात घेऊन बसली होतीस.

त्या जाहिराती मी लावत नाही गं! दिवसभर मी विमानाच्या केबिनमधला गोंगाट मोजते आणि घरी आल्यावर चंद्राचं गणित करते. त्यात दुकानादुकानांत कधी हिंडू? मी पानावर नुसत्या रिकाम्या चौकटी ठेवल्यात. तू पान उघडलंस की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या चौकटींचा लिलाव होतो. ही कुठे राहते, वय साधारण काय, या कॉम्प्युटरवर अलीकडे काय काय शोधलं गेलंय, हे सगळं बघून बोली लागते. ज्याची बोली मोठी त्याची जाहिरात. मला त्यातली एकही आधी दिसत नाही. आमचा बॉयलर बंद पडल्यापासून कुशलला माझ्याच साइटवर चंद्राभोवती बॉयलर दिसतात आणि तो जेवताना नवऱ्याच्या हक्काने मला चिडवतो.

मला मात्र काहीच दिसत नाही, कारण माझ्या लॅपटॉपवर मी जाहिराती अडवणारा ब्लॉकर लावलाय. हस खुशाल! स्वतः खानावळ चालवायची आणि जेवायला शेजारच्याकडे जायचं, तसला प्रकार आहे हा. साइटचं भाडं त्या जाहिरातींतूनच निघतं आणि सगळ्यांनी माझ्यासारखं केलं तर साइट बंद होईल. तरी तुला मी सांगते, तूही लाव. फुकट मिळणारं छोटंसं सॉफ्टवेअर आहे, मंडळातल्या रेखाताईंना विचार, त्या लावून देतील. तुला दुखावून मला साइट चालवायची नाही.

केअर होमचं एवढं मनावर घेऊ नकोस. तुझ्या कॉम्प्युटरवर कुणीतरी तसलं काही शोधलं असणार. मंडळातल्या कुणासाठी तूच वाचलं नव्हतंस ना? आठवून बघ.

तुझी देविका

ईलिंग, २२ सप्टेंबर

चि. देविकास,

मी काहीही शोधलं नव्हतं.

या घरात माझ्याशिवाय तो कॉम्प्युटर वापरणारं माणूस एकच आहे. तुझा मेल दुसऱ्यांदा वाचताना ते लक्षात आलं.

रेखा येऊन ब्लॉकर लावून गेली. जाताना म्हणाली, कुणी काय काय बघितलं त्याची सगळी नोंद आत असते, बघायची का? मी नको म्हटलं. लग्न झाल्यापासून मी यांच्या खिशात कधी हात घातला नाही, आता कॉम्प्युटरमध्ये घालू? आता तुझं पान स्वच्छ आहे. नुसता चंद्र आणि वेळ. पण कळलेलं पुसायचा ब्लॉकर अजून कुणी काढलेला दिसत नाही.

तेव्हापासून मी यांच्याकडे चोरासारखी बघते. विचारावं एक, तर उत्तर दुसऱ्याच गोष्टीचं. दूध आणा सांगितलं तर रिकाम्या हाताने परत, वर 'तू बोललीच नाहीस' असं म्हणून मलाच दोष. ब्रिज सुटला तो कंटाळ्याने नव्हे, हे मला आता दिसतंय. मी आयुष्यभर भूल देण्याचं काम केलं. ऑपरेशनआधी घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं, पण हे घाबरलेले असताना मी शेजारी बसून भाजी निवडत होते आणि मला पत्ता नव्हता.

आणि राग येतो तो वेगळाच. यांना सांगायचं असतं तर यांनी मला सांगितलं असतं. तुझ्या चंद्राशेजारी बसून कुणा परक्याने माझ्या नवऱ्याची चुगली केली, आणि त्याबद्दल तुला भाडं दिलं. मी तुला बोलत नाहीये. पण हे असं आहे.

मी विचारू का त्यांना? फोन करू नकोस, ते शेजारीच असतात.

मावशी

ब्रिस्टल, २३ सप्टेंबर

ती. मावशी,

मेल वाचला आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे साइटवरच्या सगळ्या चौकटी काढून टाकल्या. तुझा ब्लॉकर फक्त तुझ्या घरापुरता. बाकीच्यांच्या घरात अजून कुणाकुणाच्या चुगल्या चालल्या असतील या विचाराने मला जेवण जाईना. 'सगळेच करतात' असं म्हणून मी इतके दिवस त्याकडे बघितलंच नव्हतं. कुशल म्हणतो, भाडं कुठून भरणार? वर्षअखेरीपर्यंत माझ्या पगारातून. पुढचं पुढे.

आता काकांचं. विचार, मावशी. पण जाहिरातीवरून सुरुवात करू नकोस, ब्रिजवरून कर.

आणि एक सांगू? मी डॉक्टर नाही, तू आहेस, तेव्हा चुकलं तर रागव. जुलैमध्ये माझ्याकडे जेवायला बारा माणसं होती. काका टेबलाच्या टोकाला बसून नुसते हसत होते, आणि ते हसू नेहमी एक क्षण उशिरा यायचं. मला वाटलं, दमलेत. पण दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीतून बंदरावर नेलं, काचा बंद, दोघंच. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या पहिल्या हॉस्पिटलमधल्या मेट्रनपासून त्या वर्षीच्या बर्फापर्यंत सगळं सांगितलं, एकही नाव न अडखळता. ज्याची आठवण चाललीय तो माणूस गाडीत बसल्यावर बरा होतो का? माझं कामच गोंगाटाचं आहे म्हणून मला तसं वाटतं की काय, कोण जाणे. पण त्यांचे कान एकदा तपासून घ्या. एवढंच.

काय होतंय ते कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.

देविका

ईलिंग, १२ ऑक्टोबर

चि. देविकास,

विचारलं.

परवा संकष्टीला आकाश स्वच्छ होतं. या दिवसांत चंद्र लवकर उगवतो, उपासाच्या बायकांवर दया करतो. मी मोदकांचं ताट झाकून बागेत खुर्च्या टाकल्या आणि यांना हाक मारून शेजारी बसवलं. म्हटलं, खरं सांगा, ब्रिज का सोडला?

आधी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, "ईस्टरपासून बोली लक्षातच राहात नाहीत गं. समोरचा काय बोलला ते मागे वळून आठवायला जातो तर तिथे काहीच नसतं. एकदा पार्टनर सगळ्यांसमोर ओरडला." मग म्हणाले, "माझ्या आईचं शेवटी काय झालं ते तुला माहीत आहे." ते शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारले की मला त्यांचा हात धरावा लागला. देविका, इतकी वर्षं हाडं जोडणारा हात तो.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. मी जाहिरातीचं सांगून टाकलं. आधी लाल झाले. म्हणाले, "मी पेशंटचं नाव लिफ्टमध्येसुद्धा घेतलं नाही कधी, आणि माझं दुखणं या लोकांनी चंद्राशेजारी टांगलं!" तुला भोवणार असं मला वाटलं. पण मग हसायला लागले. म्हणाले, "बागवालं केअर होम होतं का? त्यातल्या त्यात ते मला बरं वाटलं होतं." आणि मग दोघांनाही हसू आवरेना. चंद्र येऊन गेला असेल तर गेला असेल, आम्ही पाहिलाच नाही, मोदक गार झाले.

जीपीकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन आलो. रक्त घेतलं, स्मृतीच्या चाचणीला पाठवताहेत, आणि तुझं कानाचं मी आग्रहाने लिहून घेतलं. कुणाची अपॉइंटमेंट रद्द होऊन नंबर लागला तर लवकर होईल. वाट बघतोय. मला फार भीती वाटते. पण आता दोघांना मिळून वाटते, त्यामुळे झोप तरी लागते.

मावशी

ब्रिस्टल, १४ ऑक्टोबर

ती. मावशी आणि काका,

या वेळी दोघांनाही लिहिते, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. काका, तुमची माफी मागते. तुम्ही हसलात म्हणून तुम्हाला लिहायचा धीर तरी झाला.

तुमचं मन जरा दुसरीकडे जावं म्हणून माझं रडगाणं ऐका. बिनजाहिरातीची साइट कशी चालवायची, याचा शोध चाललाय. एक नवा ब्राउझर असा आहे की तो सगळ्यांच्या जाहिराती काढतो, त्या जागी आपल्या दाखवतो आणि त्या बघितल्याबद्दल वाचणाऱ्याला चिल्लर देतो. म्हणजे माझ्या ओट्यावर दुकान त्यांचं. काही ब्लॉकर असे की फी भरली तर ठरावीक जाहिरातींना आत सोडतात. राखणदारालाच हप्ता! वर्गणी मागावी म्हटलं, तर महिन्यातून एकदा चंद्र बघायला येणाऱ्या बाईकडून वर्गणी कसली घ्यायची? आणि ब्लॉकर लावणाऱ्याला 'तू माझ्या पोटावर पाय देतोस' असंही मला म्हणवत नाही, कारण मावशीने तो का लावला ते मला माहीत आहे.

तेव्हा सध्या 'आपला चंद्रोदय' डिसेंबरपर्यंत आहे. ते जाऊ दे. रिपोर्ट आले की आधी मला सांगा.

देविका

ईलिंग, ५ नोव्हेंबर

देविका, देविका,

काही नाही! काही नाही झालेलं तुझ्या काकांना!

म्हणजे झालंय, पण ते नाही. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं, त्यातही व्यंजनं तर जवळजवळ गायब. जे कानात शिरलंच नाही ते आठवणार कुठून? शिवाय बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं, त्याची इंजेक्शनं सुरू केलीत. स्मृतीच्या चाचणीत, शांत खोलीत, त्यांनी त्या तरुण डॉक्टरणीला तिचेच प्रश्न उलटे म्हणून दाखवले. ती म्हणाली, "डॉक्टर रिसबूड, गो होम अँड प्ले ब्रिज." मी कार पार्कमध्ये येऊन गाडीच्या बॉनेटवर डोकं ठेवून रडले. हे मला 'काय झालं, काय झालं' विचारत राहिले. मी सांगत होते, पण त्यांना ऐकूच येत नव्हतं! तेव्हा पुन्हा हसू आलं. छातीवरचा धोंडा उतरला बघ.

कानात मशीन बसवलंय. घरी आल्यावर म्हणाले, फ्रिज किती आवाज करतो गं. मी किती बोलते तेही लवकरच कळेल त्यांना.

तू कान म्हणाली होतीस. हे मी विसरणार नाही. (माझी स्मृती उत्तम आहे, चष्म्यावरून बोलू नकोस.)

आता तुझ्या साइटचं. ते लिलाव, तो हप्ता, ते सगळं ठेव बाजूला. स्मरणिका कशी चालायची? पाव पान, अर्धं पान, पूर्ण पान. जाहिरात सगळ्यांना तीच दिसायची, मग कुणी मंत्री बघो की मोलकरीण. आणि बघणाऱ्याच्या घरात कुणी डोकावायचं नाही. मी परवा फोन घेऊन बसले. दातांचा नकुल तयार झाला, वॉटफर्डची डबेवाली अन्वी आणि पूजेचं साहित्य विकणारे दोघेही तयार झाले. सगळ्यांना एकच सांगितलं, वर्षभराचं आगाऊ द्या, आणि किती जणांनी बघितलं ते विचारायचं नाही. नकुल कुरकुरला. मी म्हटलं, तुझ्या आईकडे बघून तुला पाव पान देतेय, नाहीतर रांग आहे. रांग नव्हती. पण मार्चपर्यंतचं तुझं भाडं सुटलं आणि मी अजून जुन्या जाहिरातदारांची अर्धी वहीसुद्धा उघडलेली नाही.

काकाही एक जाहिरात देताहेत. मजकूर मला दाखवत नाहीत, परस्पर तुलाच पाठवणार म्हणतात. मी जाहिरातखात्याची प्रमुख असून!

मावशी

ईलिंग, ८ नोव्हेंबर

चि. देविकास,

घाईत लिहितेय. आज संकष्टी, आणि दुपारपासून फोन थांबत नाही. रेखा फोनवर रडली. वॉटफर्डच्या सुप्रभाबाई म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांनी काय लिहिलंय हो! मी आमच्या यांना उद्याच घेऊन जाते." नकुलच्या आईचासुद्धा फोन येऊन गेला.

मला काहीच दिसत नाहीये! चंद्र आहे, वेळ आहे, बाकी पान कोरं. काकांची नाही, नकुलची नाही, कुणाचीच जाहिरात नाही. हे शेजारी पेपर वाचायचं नाटक करताहेत आणि विचारलं तर 'साइटवर बघ' एवढंच म्हणतात. तू लावल्यास की नाही?

मावशी

ब्रिस्टल, ८ नोव्हेंबर

ती. मावशी,

लावल्यात, आणि सगळ्यात वर काका आहेत. अख्ख्या इंग्लंडला दिसल्या, तुला सोडून. तुझा ब्लॉकर! माझ्या पानाच्या आत जिथे जाहिराती ठेवल्यात त्या कप्प्याला मी 'जाहिराती' असंच नाव दिलंय, इंग्रजीत. ब्लॉकर ते नाव वाचतो आणि दार लावून घेतो. आत नकुलचे दात आहेत की काकांचं मन, हे त्याला कसं कळणार?

नाव बदललं असतं तर जाहिराती त्याच्या हातावर तुरी देऊन तुझ्यापर्यंत आल्या असत्या. कुशल म्हणालाही, बदल आणि मोकळी हो. मी नाही बदललं. तू दार लावलंस ते विचार करून लावलंस. ते मी बाहेरून उघडलं तर माझ्यात आणि त्या चुगलखोरात फरक काय राहिला?

वरच्या कोपऱ्यात ढालीसारखं चित्र आहे. ते दाबलंस की 'या साइटवर बंद ठेवा' असं येईल. दाबायचं तर दाब, नाहीतर राहू दे. दुसऱ्या साइट्सवर ब्लॉकर जसाच्या तसा चालू राहील.

देविका

ईलिंग, ८ नोव्हेंबर, उपास सोडून झाल्यावर

चि. देविकास,

दाबलं.

आधी नकुलचे दात आले, मग अन्वीचा डबा, आणि मग सगळ्यात वर, साध्या काळ्या चौकटीत, फोटो नाही, फुलं नाहीत:

'आज उपास करणाऱ्या सर्वांना शुभेच्छा. आपण विसरायला लागलो आहोत असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी कॉम्प्युटरला विचारण्याआधी घरात सांगावं. मी सांगितलं नाही. ईस्टरपासून एकटा घाबरत होतो आणि बायको शेजारच्या खोलीत होती. माझे निघाले कान. तुमचं काय निघेल ते मला सांगता येत नाही, पण भीती अर्धी होते याची खात्री देतो. डॉ. जयंत रिसबूड, ईलिंग. ही जाहिरात आहे आणि तिचे पैसे भरलेले आहेत.'

मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. जे त्यांनी माझ्यापासूनसुद्धा लपवलं होतं, ते स्वतःच्या नावाने, पैसे भरून, सगळ्यांना सांगितलं. पहिल्या जाहिरातीवरचा माझा राग आज गेला बघ. तुझ्या साइटपुरतं हे दार आता उघडं राहील. बाकी जगासाठी ते बंदच.

हे पाठीमागे येऊन उभे राहिले होते. "वाचलीस?" म्हणाले. 'वाचली' हा शब्द माझ्या तोंडून अगदी पुटपुटल्यासारखा निघाला.

त्यांना ऐकू आला.

मावशी